यंत्र शेजारी रागावतो तेव्हा

मराठ्यांचं राज्य निवडून ‘एम्पायर: टोटल वॉर’ हा संगणकावरचा खेळ सुरू केला, की साल असतं १७००. मुघलांशी युद्ध आधीच पेटलेलं. आसपासच्या सगळ्या सत्ता संगणक चालवतो. लढाया तर आहेतच, पण २००९ साली आलेल्या या खेळातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी जागा म्हणजे वाटाघाटींचा पडदा. एखाद्या सत्तेवर बोट ठेवा, तिच्या मनात तुमच्याविषयी काय आहे ते कारणांसकट दिसतं. झपाट्यानं मुलूख जिंकलात, उणे. धर्म वेगळा, उणे. जुनं वैर, उणे. नजराणा पाठवलात, अधिक. या सगळ्याची बेरीज म्हणजे त्या शेजाऱ्याचं मन.

त्या बेरजेलाही काळ लागू होतो, हे आणखी नवल. नजराण्याची गोडी फेरीगणिक ओसरते. म्हणून एकदाच मोठी रक्कम ओतून शेजारी कायमचा आपला होत नाही, आणि सलग चार प्रांत गिळणारा राजा दूरच्या सत्तांच्याही डोळ्यांत खुपू लागतो. २००५च्या ‘सिव्हिलायझेशन ४’मध्ये तर प्रत्येक कारणापुढे आकडाच लिहिलेला असे: अमुक मागणी नाकारलीत म्हणून इतके उणे, संकटात मदत केलीत म्हणून इतके अधिक. त्या खेळाचे रचनाकार सोरेन जॉन्सन यांनी २००८ साली खेळ घडवणाऱ्यांच्या परिषदेत एक व्याख्यान दिलं. यंत्रानं हरण्यासाठी खेळावं, असा त्याच्या नावातच इशारा होता. केवळ जिंकायला बसलेलं यंत्र आणि ज्याच्याशी खेळायला मजा येते ते यंत्र या वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यांचा मुद्दा. मला तो फार खरा वाटतो. दिलेला शब्द फायदा दिसताच मोडणाऱ्या शेजाऱ्याशी तह करण्यात कुणाला रस उरेल?

आता खेळ बाजूला ठेवून खऱ्या नकाशाकडे या. खेळाच्या नकाशात कांद्याच्या बाजाराच्या लासलगावला जागा नाही. पण गावाच्या दक्षिणेला, निफाड तालुक्यातून वाहत जाणारी गोदावरी पुढे मुंगी-शेवगावला जाते. पालखेडच्या मोहिमेत बाजीरावानं निजामाची रसद तोडून त्याला कोंडलं आणि मार्च १७२८मध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. निजामानं शाहू महाराजांचा चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. निजाम संपला नव्हता, शेजारी म्हणून उरला होता. दहा वर्षांच्या आत भोपाळला पुन्हा तोच सामना. १७६०मध्ये उदगीर. १७६३मध्ये राक्षसभुवन, तेही गोदाकाठीच. मग १७९०मध्ये टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एका बाजूला उभे राहिले. आणि १७९५मध्ये खर्ड्याला मराठे आणि निजाम पुन्हा समोरासमोर! सहा-सात दशकं हे दोन शेजारी लढत, तह करत, तह मोडत, पुन्हा तह करत राहिले. दोघांनाही ठाऊक होतं की उद्या पुन्हा याच माणसांशी गाठ आहे.

या ‘उद्या’त किती ताकद असते, हे १९८०च्या सुमारास मिशिगन विद्यापीठातल्या रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी संगणकावर दाखवून दिलं. त्यांनी अभ्यासकांकडून आज्ञावल्या मागवल्या आणि त्यांची एकमेकींशी स्पर्धा लावली. दर फेरीला दोनच पर्याय: सहकार्य करा किंवा दगा द्या. पहिल्या स्पर्धेत १४ आज्ञावल्या आल्या, दुसरीत ६२. दोन्ही वेळा जिंकली ती ॲनातोल रॅपोपोर्ट यांची अगदी छोटी आज्ञावली. पहिल्या फेरीत सहकार्य करायचं, आणि पुढे समोरच्यानं मागच्या फेरीत जे केलं तेच करायचं. बस्स. ती कुणालाही आधी दगा देत नाही, दिलेला दगा सोसत नाही, आणि समोरचा सुधारला की मागचं उकरून काढत नाही. दुसऱ्या स्पर्धेत सामना कधी संपेल हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि तिथेही ती टिकली.

लासलगावच्या बाजार समितीत हे रोज दिसतं. लिलावात व्यापारी ट्रॉलीतला वरचा कांदा पाहून बोली लावतो. खळ्यावर माल उतरवताना तळात चिंगळी, सडका निघाला की वांधा पडतो. त्या दिवशी कोण जिंकलं याहून मोठी गोष्ट ही, की तोच शेतकरी पुन्हा ट्रॅक्टर घेऊन येणार आहे आणि तोच व्यापारी पुन्हा बोली लावणार आहे. खेळातल्या यंत्र-शेजाऱ्याशी तह करतानाही नेमकं हेच चालतं, फरक इतकाच की त्याच्या आठवणी आकड्यांत असतात.

आता तेही बदलू लागलं आहे. ‘डिप्लोमसी’ हा ॲलन कॅलहॅमर यांचा १९५९चा पटावरचा खेळ. सात सत्ता, फासे नाहीत. खासगीत बोलणी करायची, चाली गुपचूप लिहायच्या आणि सगळ्यांच्या एकदम उघडायच्या. नोव्हेंबर २०२२मध्ये मेटा कंपनीनं तो खेळणारी ‘सिसेरो’ ही प्रणाली जाहीर केली. माणसांबरोबरच्या ४० ऑनलाइन डावांत, साध्या इंग्रजीत बोलणी करत, ती एकाहून जास्त डाव खेळलेल्यांमध्ये पहिल्या दहा टक्क्यांत आली. कोण काय चाल करेल याचा अंदाज बांधायचा, स्वतःची चाल ठरवायची आणि मग त्या बेताला धरून निरोप लिहायचा, अशी तिची रीत. तिनं प्रामाणिक असावं असा तिच्या रचनाकारांचा प्रयत्न होता. पण बेत दर फेरीला नव्यानं मांडला जातो, आणि कालचं वचन आज गळून पडू शकतं. तिनं मोडलेली अशी वचनं नंतर इतर संशोधकांनी डावांच्या नोंदींतून दाखवून दिली.

या यंत्राच्या मनातली अधिक-उण्याची यादी पडद्यावर येत नाही. येतो तो फक्त मजकूर, गोड आणि मुद्देसूद. तो वाचून झाल्यावर खेळाडू पुन्हा पटाकडे वळतो आणि सीमेवरच्या फौजा कोणत्या दिशेनं सरकल्या ते बघतो.