तुतारी कशी घडते?

भंडारा या नांवाचा संबंध 'भाणा' म्हणजे पितळी ताट या शब्दाशीं आहे, असें कित्येक सांगतात. तें खरें असो वा नसो, वैनगंगेच्या कांठच्या या शहराची ख्याति पितळी भांड्यांमुळें झाली, यांत संशय नाहीं. हंडा, घागर, परात हीं भांडीं आपल्या परिचयाचीं आहेत. परंतु ज्या विद्येनें सपाट पत्र्याची घागर होते, त्याच विद्येनें तुतारीही होते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. केशवसुतांनीं १८९३ सालीं लिहिलेल्या कवितेमुळें तुतारीचें नांव विद्यार्थ्यांच्या कानांवर लहानपणींच पडतें. तें वाद्य कारागिराच्या हातीं कसें तयार होतें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

पितळ म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. १०० भागांत सुमारें ७० भाग तांबें व ३० भाग जस्त असलें, म्हणजे तें ठोकण्यास व वांकविण्यास चांगलें. कारागीर प्रथम नमुना आंखतो. तुतारीची नळी एका टोंकास अरुंद असून दुसऱ्या टोंकाकडे रुंद होत जाते. म्हणून पत्र्याची पट्टीही तशीच निमुळती कापावी लागते. ती लोखंडी सळईभोंवतीं गुंडाळून कडा एकमेकींस भिडवितात, व त्यांवर टांकणखार आणि पितळी डाख घालून तापवितात. डाखांत जस्ताचें प्रमाण अधिक असल्यामुळें तो नळीच्या आधीं वितळून सांध्यांत शिरतो. तथापि दोहोंच्या वितळण्यांत अंतर थोडें आहे. क्षणभर दुर्लक्ष झालें तर नळीच वितळून सारे श्रम वायां जातात.

यानंतर सळईवर ठोकून सांधा सारखा करितात. पितळेचा असा स्वभाव आहे कीं, ठोकतां ठोकतां तें कठीण होतें व शेवटीं तडकतें. म्हणून वरचेवर तें लालसर होईपर्यंत तापवून पुनः मऊ करावें लागतें. पोलाद तापवून पाण्यांत बुडविलें असतां कठीण होतें. पितळ मात्र बुडविलें तरी मऊच राहतें. पुढचें पसरट तोंड निराळ्या पत्र्याचें करून ठोकून फुलवितात, आणि कांठास बळकटी यावी म्हणून त्यांत तार घालून तो दुमडतात.

आतां नळीस बांक द्यावयाचा. पोकळ नळी तशीच वांकविली तर ती चेपते. यासाठीं तींत वितळलेली राळ किंवा शिसें ओतून तें थिजूं देतात, मग हळूहळू बांक देतात, आणि पुनः तापवून तें ओतून काढितात. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. पितळेस ९०० अंशांहून अधिक उष्णता लागते. म्हणून नळीस इजा होत नाहीं. शिशाची वाफ मात्र विषारी असते. याकरितां हें काम मोकळ्या हवेंत व जपून करावें लागतें. असे दोन-तीन भाग एकमेकांत बसविले म्हणजे अर्धचंद्राकार तुतारी तयार होते.

येथवरचें काम भांडीं करणाऱ्याच्या कामासारखेंच आहे. भेद यापुढें आहे. तुतारी फुंकतांना ओठ थरथरतात व नळींतील हवा कंप पावते. आवाज उंच कीं खालचा, हें मुख्यतः त्या हवेच्या लांबीवर ठरतें. नळी दुप्पट लांब केली तर स्वर एक सप्तक खालीं जातो. वाद्याचा आवाज धातूंत आहे असें आपण समजतों, परंतु तो बहुतांशीं आंतल्या पोकळीच्या लांबीवर व आकारावर अवलंबून असतो. ओठ अधिक आवळले असतां मूळ कंपनांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर निघतात. त्यांच्या मधले स्वर निघत नाहींत. ही उणीव दूर करण्यासाठीं श्टोल्त्सेल व ब्लूमेल यांनीं १८१८ सालीं प्रशियांत झडपांच्या युक्तीचें पेटंट मिळविलें. झडप दाबली कीं जादा नळी जोडली जाऊन हवेची वाट लांबते. आपल्या तुतारीस झडप नसते. म्हणून तिचे सर्व स्वर कारागिरानें घडवितांनाच ठरविलेले असतात.

समजा, मिरवणुकींत दोन तुताऱ्या जोडीनें वाजावयाच्या आहेत. एकीची नळी ५८ इंच व दुसरीची ५९ इंच झाली, तर जेथें पहिली सेकंदास २३० कंपनें देईल तेथें दुसरी सुमारें २२६ देईल, आणि आवाज सेकंदांत चार वेळां चढतांना-उतरतांना ऐकूं येईल. एका इंचाचा हा परिणाम! घागर एक इंच उंच झाली तर कोणी तक्रार करणार नाहीं. म्हणून तुतारीची नळी आरंभीं किंचित् लांब ठेवावी, वाजवून पहावी, आणि कानसेनें थोडी थोडी कमी करावी. कारण कापलेला भाग परत मिळत नाहीं. जुन्या तुतारीस जोड हवी असेल तर ती समोर ठेवूनच काम करावें लागतें. अशा कामास हाताइतकाच कान लागतो.

मोठ्या कारखान्यांत यंत्रानें बिनसांध्याच्या नळ्या ओढितात. तरी मेरठच्या जली कोठी भागांत बँडचीं पितळी वाद्यें लहान कारखान्यांतून अद्यापि होतात. भंडाऱ्यास मात्र स्टेनलेस स्टील व प्लास्टिक आल्यापासून पितळी भांड्यांची मागणी घटली, आणि ऐरणीवरचे हातही कमी झाले. भांडें गेलें तर दुसरें घेतां येईल. पण सळईवर पत्रा वळविणारा हात गेला तर घागरीबरोबर तुतारीही जाते.

वर्गांत आपण ध्वनीचे नियम पाठ करितों. तेच नियम ऐरणीजवळ कानानें व हातानें पाळले जातात. पुस्तकांतील विद्या छापून ठेवितां येते. हातांतील विद्या एका हातांतून दुसऱ्या हातांतच जावी लागते. म्हणून विद्यार्थ्यांनीं सुटीच्या दिवशीं एखाद्या कासाराच्या दुकानीं घटकाभर बसून पहावें, आणि विचारण्यासारखें असेल तें त्यास विचारून घ्यावें.