गोळीचा गुण, गोळीची सवय

जीव सारखा धास्तावतो. छाती धडधडते. रात्र रात्र झोप नाही. अशा वेळी डॉक्टर कधी डायझेपामची गोळी देतात. ही गोळी अमेरिकेत १९६३ साली बाजारात आली. तिने धडधड थांबते, झोप लागते. गुण खरा आहे.

पण रोज घेतली, तर काही आठवड्यांतच शरीराला तिची सवय लागते. मग एक गोळी पुरत नाही. एकदम बंद केली, तर हातपाय कापतात, झोप उडते. कुणाला आकडीही येते. दारूबरोबर घेतली, तर श्वास मंदावून जीवही जाऊ शकतो.

म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, थोडे दिवस घ्यावी. शेजाऱ्याची गोळी आपण खाऊ नये. सवय लागलीच, तर लाजू नका. डॉक्टरांना सांगा. ते हळूहळू गोळी कमी करून देतील.