खाऱ्या पाण्याच्या टाकीतील फेसयंत्र बंद पडल्यास

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत तापू लागला म्हणजे त्यावर मळी येते आणि गुळव्या ती वरचेवर काढून टाकतो. मळी रसात राहिली तर गूळ काळवंडतो. समुद्राच्या पाण्यात शोभेचे मासे पाळणाऱ्यालाही टाकीतील मळी अशीच काढावी लागते. फरक इतकाच की, ही मळी डोळ्यांना दिसत नाही आणि ती राहिली तर गूळ नव्हे, मासेच हातचे जातात. ती काढण्याच्या यंत्रास बाजारात प्रोटीन स्किमर म्हणतात. येथे त्यास सोयीसाठी फेसयंत्र म्हटले आहे.

मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा समुद्रातील रंगीत मासे ही केवळ पाहण्याची वस्तू होती. पुढे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशसारख्या माशांच्या बंदिस्त पैदाशीचे तंत्र बसविले. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शोभिवंत मत्स्यपालनाचाही समावेश झाला. किनाऱ्यावरील कुटुंबांना हा जोडधंदा होऊ शकतो. परंतु कित्येक महिने वाढविलेले मासे एका रात्रीत मरू शकतात, हे ध्यानात ठेवूनच त्यात पडावे.

यंत्राचे कार्य

माशांची विष्ठा, अंगावरील बुळबुळीत स्राव व उरलेले खाद्य यांतून प्रथिने व स्निग्ध पदार्थ पाण्यात उतरतात. फेसयंत्रात पंप पाण्याबरोबर हवा ओढतो व तिचे अतिसूक्ष्म बुडबुडे करतो. हे पदार्थ बुडबुड्यांना चिकटून वर चढतात आणि मानेतून तपकिरी फेसाच्या रूपाने वरच्या पेल्यात पडतात. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात व चटकन एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून हे यंत्र तेथे चांगले चालते. गोड्या पाण्याच्या टाकीत त्याचा फारसा उपयोग होत नाही.

फेसयंत्र घाण कुजण्यापूर्वीच बाहेर काढते. तेच बंद पडले की घाण टाकीतच कुजते, प्राणवायू खर्ची पडतो व अमोनिया वाढतो. शिवाय यंत्रातून पाण्यास मिळणारी हवाही थांबते. खाऱ्या पाण्यात मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी प्राणवायू विरघळतो आणि उन्हाळ्यात तो आणखी घटतो.

प्रथम मासे, मग यंत्र

यंत्र बंद दिसताच पुष्कळजण प्रथम ते उघडून बसतात. हा क्रम चुकीचा होय. पहिल्या काही तासांत पुढील गोष्टी कराव्यात :

1. टाकीत निराळ्या हवापंपाने हवा सोडावी. वीज नसल्यास बॅटरीवर चालणारा पंप लावावा.

2. त्या दिवशी खाद्य देऊ नये. पुढे यंत्र सुरू होईपर्यंत निम्मेच द्यावे. मोठे मासे एक-दोन दिवस उपाशी राहिल्याने दगावत नाहीत. नुकत्याच जन्मलेल्या पिलांची गोष्ट वेगळी. त्यांना थोडे थोडे खाद्य चालू ठेवावे.

3. मेलेला मासा व उरलेले खाद्य ताबडतोब काढावे.

4. दहावा ते सातवा हिस्सा पाणी बदलावे. नव्या पाण्याचा खारटपणा व उष्णता जुन्याइतकीच असावी. पावसाळ्यात खाडीच्या मुखाजवळचे पाणी गोडसर व गढूळ होते. ते घेऊ नये.

5. अमोनिया रोज तपासावा. मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागल्यास हवा ताबडतोब वाढवावी.

बिघाड शोधण्याचा क्रम

पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा. पंपाच्या वायरीला प्लगच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोचत नाही.

प्रथम वीज येते की नाही, ते पाहावे. पंप चालू असूनही फेस येत नसेल तर हवेच्या नळीच्या तोंडावर बोट ठेवावे. ओढ जाणवली नाही तर नळीत मिठाचे खडे जमले असण्याचा संभव आहे. नळी कोमट गोड्या पाण्याने धुतली की ते विरघळतात. हा दोष वारंवार होतो व त्यास खर्च काहीच लागत नाही.

नंतर यंत्र ज्या गाळणटाकीत बसविले आहे तेथील पाण्याची पातळी पाहावी. पाणी वाफ होऊन उतरले की फेस मानेपर्यंत चढत नाही. मीठ वाफेबरोबर जात नाही, म्हणून ही तूट गोड्या पाण्याने भरावी. उलट पातळी फार चढली तर पेला स्वच्छ पाण्याने भरून वाहू लागतो. खाद्य टाकल्यावर काही वेळ फेस बसतो; तो बिघाड नव्हे.

यानेही काम भागले नाही तर पंप उघडून इंपेलर बाहेर काढावा. त्यावर बहुधा चुनखडीसारखा थर बसलेला आढळतो. पांढरे व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन त्यात सुटे भाग काही तास बुडवावेत, मऊ ब्रशाने घासावेत व गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावेत. साबण मुळीच वापरू नये. पेला व मानेची आतील बाजूही पुसावी, कारण तेथे चरबी साचली तर फेस वर चढत नाही.

दुरुस्ती की नवे यंत्र ?

इंपेलर झिजला असेल तर तेवढाच बदलावा. त्याचे चुंबक फुगले असेल किंवा त्यावर गंजाचे डाग असतील तर तो पुन्हा वापरू नये. पंपाचे आवरण तडकले असेल तर पाण्यात वीज उतरण्याचा धोका असतो. असा पंप टाकून द्यावा. नळकांडे शाबूत असेल तर त्याला जुळणारा नवा पंप पुरतो. नळकांडे ठिकठिकाणी तडकले असेल किंवा सुटे भाग मिळत नसतील, तरच संपूर्ण यंत्र बदलावे. कारखानदाराने दिलेली क्षमता बहुधा विरळ माशांच्या टाकीची असते. दाट मासे असतील तर टाकीच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचे यंत्र घेणे श्रेयस्कर.

नवे किंवा नुकतेच धुतलेले यंत्र काही दिवस नीट फेस देत नाही, क्वचित उतू जाते. तेवढ्यावरून ते सदोष समजू नये. सुरुवातीस पातळी खाली ठेवून ती हळूहळू वाढवावी.

निगा

पेला दोन-तीन दिवसांनी रिकामा करावा, हवेची नळी दर आठवड्यास धुवावी व पंप दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करावा. एक जादा इंपेलर व बॅटरीवरील एक हवापंप घरी असावाच. ग्रामसेवकांनी किनाऱ्यावरील मत्स्यपालकांच्या घरी गेल्यावर यंत्राची किंमत विचारण्याआधी या दोन वस्तू आहेत की नाहीत, ते पाहावे. यंत्र दुसऱ्या दिवशीही दुरुस्त होऊ शकते. मासे मात्र त्या रात्रीच वाचवावे लागतात.