मूल सांगेल का, हे आधी बघा

पहिली-दुसरीतल्या मुलांना इंटरनेटवर धोका कशाचा, असं विचारलं की बहुतेक घरांत उत्तर तयार असतं: अनोळखी माणसांचा आणि जीवघेण्या ‘चॅलेंज’चा. २०१८-१९मध्ये बटबटीत डोळ्यांच्या ‘मोमो’चा फोटो व्हॉट्सॲपवर भरपूर फिरला. ही मोमो मुलांना मेसेज करून स्वतःला इजा करायला लावते, असं सांगितलं जायचं. तो चेहरा जपानमध्ये २०१६ साली प्रदर्शनासाठी घडवलेल्या एका शिल्पाचा होता आणि या ‘चॅलेंज’ने मुलांना इजा झाल्याचा पुरावा ब्रिटनमधल्या बालसुरक्षा संस्थांना मिळाला नाही. कितीतरी मुलांनी तो भेसूर चेहरा पाहिला तो काळजीपोटी फॉरवर्ड करणाऱ्या मोठ्यांमुळेच. अशा भीतीची किंमत याहून भयंकर असू शकते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरलेल्या, मुलं पळवल्याच्या क्लिपांपैकी एक तर मुळात कराचीत बालसुरक्षेच्या जागृतीसाठी केलेली फिल्म होती. पळवलेलं मूल लगेच परत आणून सोडतात, तो शेवटचा भाग कुणीतरी कापून टाकला होता.

अनोळखी माणसापासून धोका नसतोच, असं नाही. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षं सांगते की, मुलांवरच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असतो. ऑनलाइनही ‘अनोळखी’ हा शब्द लहान मुलाच्या फारसा कामाचा नाही. ज्याच्याबरोबर पंधरा दिवस रोज गेम खेळलो, ज्याने गेममधली नाणी दिली, तो त्याच्या लेखी मित्रच असतो. ‘अनोळखी लोकांशी बोलायचं नाही’ हा नियम ते प्रामाणिकपणे पाळत असतं आणि तरीही फसतं. त्यापेक्षा ‘आईबाबांना सांगू नकोस असं कुणीही म्हटलं, अगदी घरातल्याने म्हटलं, तरी ते पहिलं आम्हालाच सांगायचं’ हे सात वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

दुसरा गैरसमज ‘आमचा फक्त कार्टून बघतो’ हा. २०१७ साली यूट्यूबवर आणि खास मुलांसाठीच्या यूट्यूब किड्सवरही असे व्हिडिओ उघडकीस आले, ज्यांत पेप्पा पिगसारखी पात्रं होती, पण दाताच्या डॉक्टरकडे गेलेल्या पेप्पाचा छळ चालला होता. वरच्या चित्रावरून आणि गाण्यावरून काहीच लक्षात येत नव्हतं. ऑटोप्लेने एकामागून एक ते पुढे येत होते. शिवाय आपल्याकडे प्राथमिक शाळेतल्या मुलाचा स्वतःचा फोन क्वचितच असतो. असतो तो घरचा फोन. अमेरिकेतल्या १९९८च्या कायद्यामुळे अनेक ॲप्स तेरा वर्षांखालच्यांना खातं उघडू देत नाहीत, पण मूल बाबांच्या खात्यावरून बघत असेल तर ॲपच्या दृष्टीने समोर चाळिशीतला माणूस बसलेला असतो. मुलाचं वेगळं खातं काढणं, ऑटोप्ले बंद करणं, खरेदीला पिन लावणं, एकच ॲप उघडं राहील असं ‘पिन’ करून मग फोन हातात देणं ही कामं जरूर करावीत. ती फार तर अर्ध्या तासाची आहेत.

मात्र तेवढ्यावर विसंबता येत नाही. ‘ईयू किड्स ऑनलाइन’ या संशोधन प्रकल्पाने २०१०मध्ये युरोपातल्या २५ देशांत ९ ते १६ वयाच्या पंचवीस हजारांवर मुलांना आणि त्यांच्या पालकांना वेगवेगळं विचारलं. ज्या मुलांनी ऑनलाइन अश्लील चित्रं पाहिली होती, त्यांच्यातल्या ४० टक्के मुलांच्या पालकांनी ‘आमच्या मुलाने तसलं काही पाहिलेलं नाही’ असं ठामपणे सांगितलं. ज्यांना त्रासदायक मेसेज आले होते, त्यांच्या निम्म्याहून जास्त पालकांना ते ठाऊक नव्हतं. मुलं का सांगत नाहीत, हे समजणं अवघड नाही. काही विचित्र दिसलं असं म्हटलं की आधी ओरडा बसतो आणि मग फोन जातो. पुढच्या वेळी मूल गप्प बसायला शिकतं, आणि ज्याला त्याचा गैरफायदा घ्यायचा असतो त्याला नेमकं हेच हवं असतं.

मग फोन देऊच नये का? वेळेला मर्यादा हवीच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाच ते दहा वयासाठी दिवसाला दोन तासांच्या आत असं सांगितलं आहे. पण सरसकट बंदी पुरेल असं मला वाटत नाही. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५पासून सोळा वर्षांखालच्यांची सोशल मीडिया खाती बंद केली, तरी खात्याशिवाय व्हिडिओ बघणं तिथेही शक्य आहे. आणि मूल आज ना उद्या मावसभावाच्या फोनवर बघणारच. ‘काही घाणेरडं दिसलं आणि मला सांगितलंस, तर फोन काढून घेणार नाही’ असा शब्द द्यावा आणि तो पाळावा, याला पर्याय नाही. यातून मूल सोकावेल ही शंका रास्त वाटते. पण वेळेचा नियम मोडल्याची शिक्षा वेगळी आणि सांगितल्याची शिक्षा वेगळी, हा फरक मुलं चटकन ओळखतात.

खरंच काही घडलं, तर चॅट पुसू नये. तोच पुरावा असतो. मुलाचं आक्षेपार्ह चित्र मात्र ‘सावध करायला’ म्हणूनही कुणाला पाठवू नये, कारण तसं चित्र पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७-बखाली गुन्हा आहे. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा थेट पोलीस ठाण्यात करता येते. ‘बोभाटा होईल’ या धास्तीने अनेक घरं मागे हटतात. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२च्या पॉक्सो कायद्याने मुलाची ओळख छापायला बंदी आहे, जबाब मुलाच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात थांबवून ठेवता येत नाही.