विनायकरावांची पोर आणि बेटावरचे खून

आमच्या लहानपणी कोल्हापुरात रहस्यपट बघायला जाणं ही जोखीमच असायची. सहाचा खेळ सुटायच्या वेळी बाहेर नऊच्या खेळाची रांग लागलेली असे. आतून येणाऱ्या गर्दीतला एखादा उनाड पोरगा रांगेसमोर येऊन खुन्याचं नाव ओरडायचा आणि पळ काढायचा. मी 'गुमनाम'च्या रांगेत दोन्ही कानांत बोटं घालून उभा होतो. वय दहा-अकरा. मंगळवार पेठेतली आत्या बरोबर होती. तिनं त्या पोराला असा दम भरला की अख्खी रांग गप्प झाली. म्हणून या लेखातही मी कुठल्याच चित्रपटातला खुनी सांगणार नाही.

'गुमनाम' १९६५चा. दिग्दर्शक राजा नवाथे, आपला मराठी माणूस, राज कपूरच्या तालमीत तयार झालेला. 'आह' आणि 'बसंत बहार' त्याच्या नावावर होते. एकमेकांना न ओळखणारी सात माणसं बक्षिसाच्या सहलीला निघतात, विमान त्यांना भलत्याच जागी उतरवून निघून जातं, आणि मग त्या ओसाड हवेलीत एकेकजण मरू लागतो. मनोजकुमार, प्राण, हेलन, मदन पुरी, तरुण बोस, मेहमूद, शिवाय आपले धुमाळ. पण आत्याच्या लेखी त्या बेटावर एकच माणूस होतं. नंदा पडद्यावर आली तशी ती शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "विनायकरावांची पोर हाय ती! बेबी नंदा!" पुढचे तीन तास अख्ख्या बायकांच्या बाकांना त्या पोरीचीच काळजी होती.

मास्टर विनायकांबद्दल कोल्हापूरकरांना नव्यानं काही सांगायला नको. 'ब्रह्मचारी', 'ब्रँडीची बाटली', हंस पिक्चर्स, पुढे प्रफुल्ल पिक्चर्स. १९४७ साली ते अकाली गेले तेव्हा नंदा आठ वर्षांची होती. तिचा जन्म इथला, ८ जानेवारी १९३९चा. शांतारामबापू नात्यातले, भालजी आणि बाबूराव पेंढारकर घरचेच. त्यामुळे नंदाचा चेहरा आमच्या गावानं कधी नटीचा म्हणून पाहिलाच नाही. तो गल्लीतल्या, बाप गेलेल्या, शहाण्या मुलीचा चेहरा होता. 'भाभी', 'छोटी बहन', 'धूल का फूल' यांनी तोच चेहरा देशभर नेला. 'आँचल'साठी तिला फिल्मफेअर मिळालं तेही अशाच सोशिक भूमिकेसाठी.

चाळीस वर्षं जे सांगत आलो ते पुन्हा सांगतो. अडकलेल्या माणसांची रहस्यकथा चालते ती कलाटणीवर नाही, ओळखीच्या चेहऱ्यावरच्या विश्वासावर. दहा माणसं एका घरात कोंडलीत आणि दहाही संशयास्पद दिसतात, तर बघणाऱ्याला भीती कुणासाठी वाटणार? एकाच्या तरी केसाला धक्का लागू नये असं वाटलं पाहिजे. त्याच वेळी मनाच्या कोपऱ्यात, 'आणि हीच असली तर?' हा किडाही वळवळला पाहिजे. नंदाच्या चेहऱ्यानं हे दोन्ही साधलं. आपल्या रहस्यपटांना त्या चेहऱ्याइतकं देणं दुसऱ्या कुठल्याही नटनटीचं नाही, असं माझं ठाम मत आहे. कोल्हापूरच्या चित्रपट परंपरेवरच्या भाषणांतून नंदाचं नाव गाळलं जातं, याचा मला राग आहे. कोल्हापूर म्हणजे ऐतिहासिक आणि तमाशापट एवढंच पाठ केलेली ही मंडळी आहेत.

दुसऱ्या बाजूला 'गुमनाम' ही अगाथा ख्रिस्तीच्या १९३९च्या कादंबरीची नक्कल, म्हणून तिचा विचारच करू नये असं म्हणणारे विद्वान आहेत. मूळ लेखिकेचं नाव पडद्यावर दिलं नाही हा दोषच, तो मी झाकणार नाही. पण खुद्द ख्रिस्तीबाईंनी १९४३ साली त्या कादंबरीचं नाटक केलं तेव्हा शेवट बदलला. कादंबरीत कुणीच उरत नाही. रंगभूमीवर तो अंधार लोकांना पेलवणार नाही हे ओळखून त्यांनी दोघांना वाचवलं. नवाथेंनीही आपला प्रेक्षक ओळखूनच बदल केले. चित्रपट बेटावर सुरू होत नाही, शहरातल्या एका खुनानं सुरू होतो. म्हणजे हिशेब आधीच उघडलेला आहे. मग ती मुखवट्यांची नाचगाण्याची रात्र, आणि एकदम ओसाड किनारा. लताबाईंचं शीर्षकगीत कुठून येतंय हे त्या सात जणांना कळत नाही, आपल्यालाही कळत नाही. इंग्रजी कादंबरीत बालगीताच्या ओळी मृत्यू मोजतात, इथे बाईचा आवाज मोजतो. नक्कल करणाऱ्याला हे सुचत नाही.

'पाठलाग' या मराठी रहस्यपटाबद्दल मी पूर्वी सविस्तर लिहिलंय, म्हणून थोडक्यात. राजा परांजपे, १९६४, जयंत देवकुळे यांची 'आशा परत येते' ही कादंबरी, काशीनाथ घाणेकर आणि भावना. मराठीसाठीचं राष्ट्रपतींचं रौप्यपदक त्याला मिळालं आणि दोनच वर्षांत राज खोसलांनी त्याचा 'मेरा साया' केला. रहस्यपट मराठी मातीत रुजत नाही असं लिहिणाऱ्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं: इथे हिंदीनं मराठीकडून घेतलं. आणि तिथंही सगळा खेळ ओळखीच्या चेहऱ्याचाच आहे. बायको गेली म्हणून दुःखात बुडालेल्या नवऱ्यासमोर तोच चेहरा उभा राहतो आणि म्हणतो, मीच ती.

त्या काळी घरोघरी बाबूराव अर्नाळकर वाचले जायचे. झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर आमची पिढी पोसली. त्यांच्यामागून गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर आले. वाचनालयातल्या त्या पुस्तकांची कव्हरं फाटून पुठ्ठे उरलेले असत. नाटकांत मधुकर तोरडमलांनी 'काळे बेट लाल बत्ती' लिहिलं. एवढा वाचक-प्रेक्षक तयार असताना मराठी पडद्यानं त्याला फार कमी दिलं. १९७६चा 'हा खेळ सावल्यांचा' गाण्यांमुळे टिकला. त्यानंतरची वीस-बावीस वर्षं विनोदाची. त्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' होतं तेवढाच आधार. १९९९ साली चंद्रकांत कुलकर्णींनी सगळ्या बायकाच घेऊन 'बिनधास्त' केला आणि प्रियदर्शननं लगेच त्याचा तमिळ अवतार काढला, ही त्या काळातली खरी आनंदाची बातमी.

'इत्तेफाक'वर मात्र मला रेंगाळायचंय. १९६९, यश चोप्रा. प्रवीण जोशींचं 'धुम्मस' हे गुजराती नाटक, त्याच्यामागे एक इंग्रजी नाटक. चोप्रांचा दुसरा मोठा चित्रपट रखडला होता, त्या मोकळ्या महिन्याभरात हा उरकला. एक घर, एक रात्र, गाणं एकही नाही. वेड्यांच्या इस्पितळातून पळालेला चित्रकार पावसाच्या रात्री एका एकट्या बाईच्या घरात शिरतो. तो राजेश खन्ना, ती नंदा. गाण्याविना चित्रपट नंदाला नवा नव्हता, १९६०च्या 'कानून'मध्येही ती होती. पण इथे तिला लपायला गाणं नाही, विनोदी नोकर नाही, बेट नाही. कॅमेरा सतत चेहऱ्याजवळ. दार उघडताना, चहाचा कप ठेवताना, टेलिफोनकडे बघताना तिच्या डोळ्यांत काय हलतं ते पुन्हा एकदा पाहा. चोप्रांना या चित्रपटानं उत्कृष्ट दिग्दर्शनाचं फिल्मफेअर दिलं. माझ्या मते त्यातला अर्धा वाटा 'छोटी बहन'चा होता. दहा वर्षं देशानं त्या चेहऱ्यावर ठेवलेला विश्वास चोप्रांनी हुकमाच्या पानासारखा शेवटपर्यंत मुठीत धरून ठेवला.

तो बघून परतताना आत्या मंगळवार पेठेपर्यंत एक शब्द बोलली नाही. दारात चप्पल काढताना म्हणाली, "घरात कुणाला काय सांगू नगंस. उद्या त्यास्नी बी बघू दे."

२०१७ साली याच नावाचा नवा 'इत्तेफाक' आला. छान चित्रित केलेला, वेगवान. पण तिथे पहिल्या दृश्यापासून प्रत्येकजण काहीतरी लपवतोय असंच दिसतं. मग शेवटी काहीही उघड झालं तरी बघणाऱ्याचं काय गेलं? हल्लीच्या मराठी रहस्यपटांचंही हेच दुखणं आहे. दर वीस मिनिटांनी कलाटणी, आणि एकीचंही बी आधी पेरलेलं नाही. पटकथा घेऊन माझ्याकडे तरुण मुलं येतात, मनापासून मेहनत केलेली असते. पण घटनास्थळ नेहमी लोणावळ्याचा बंगला किंवा परदेशातलं हॉटेल. मी विचारतो, बाळांनो, माणसं अडकायला एवढ्या लांब कशाला जाता? आपल्याकडे पाऊस लागला की करूळ घाट बंद, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगेनं त्रेचाळीस फुटांची धोका पातळी ओलांडली की गाव एकेका रस्त्यानं जगापासून तुटत जातं. ख्रिस्तीबाईंना 'माउसट्रॅप'साठी बर्फ लागला. ते नाटक १९५२पासून लंडनमध्ये चाललंय. आपल्याला बर्फ कशाला हवा?

२०१९च्या ऑगस्टमध्ये शिरोलीपाशी पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली गेला तेव्हा मी पुण्याहून परतत होतो. ट्रकांची रांग डोळ्यांत मावत नव्हती. आम्हा पंचवीस-तीस जणांना एका मंगल कार्यालयात जागा मिळाली. कर्नाटकातले दोन ड्रायव्हर, बाळंतपणाला माहेरी निघालेली एक मुलगी आणि तिचा भाऊ, औषधविक्रेता, पंढरपूरचं म्हातारं जोडपं. वीज गेली होती. मोबाईल एकेक करून बंद पडले. पहिल्या रात्री सगळे सगळ्यांना आपापल्या घरच्या गोष्टी सांगत होते. दुसऱ्या रात्री बोलणं कमी झालं आणि माणसं एकमेकांच्या सामानाकडे बघू लागली. वधूपक्षाच्या खोलीच्या दाराशी एक पन्नाशीचा माणूस बसलेला असे. नीटनेटका, मृदू बोलणारा. पंढरपूरच्या आजीबाईंना त्यानंच स्वतःची चादर दिली. जेवायला उठतानाही तो काळी रेक्झिनची पिशवी खांद्यावरून उतरवत नव्हता. रात्री मला जाग आली तेव्हा तो पिशवी मांडीवर घेऊन उघड्या डोळ्यांनी बसला होता. माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "झोपा काका, मी जागा आहे."

तिसऱ्या दिवशी सकाळी बोट आली. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना आधी न्यायचं ठरलं. आम्ही जागा मोजू लागलो तेव्हा दाराजवळची ती जागा रिकामी होती. चादर घडी करून ठेवलेली. तो पाण्यातून कुठे आणि कसा गेला ते कुणीच पाहिलं नव्हतं.