दुखणे मोजले, तेव्हा ऐकले गेले



दसरा-दिवाळी झाली की गेवराई तालुक्यातील चकलांबा आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुढे हंगाम संपवून त्या परतल्या की कानावर येते, ‘अमकीची पिशवी काढली, तमकीचीही काढली.’ ऐकणारा हळहळतो आणि विसरतो. किती जणींची? कोणत्या वयात? कोणाच्या सल्ल्याने? याचे उत्तर हाती नसेल, तर तक्रार पारावरच राहते.

२०१९ साली हे उत्तर शोधले गेले. बोभाटा झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले निघाले. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक! २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. असे दोन आकडे शेजारी ठेवले, की ‘बायकांची दुखणी असायचीच’ म्हणून हात झटकता येत नाहीत. तोडीला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी व्हावी, अशी शिफारस समितीने केली.

अशी पाहणी करणे ही एक विद्या आहे. समाजशास्त्राच्या अभ्यासात ती शिकवतात. आपल्या मराठवाड्यात तुळजापूरलाही टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हे शिक्षण मिळते. तिची मूळ शिस्त मात्र कोणालाही समजेल अशी आहे. सर्वांना एकच प्रश्न एकाच शब्दांत विचारावा. फक्त ओळखीची घरे घेऊ नयेत. सगळी घ्यावीत, नाहीतर प्रत्येक वस्तीतले दर पाचवे घर घ्यावे. उत्तर तोंडात घालू नये. ‘मुकादमामुळेच पिशवी काढली ना?’ असे न विचारता ‘ऑपरेशन करायचे कसे ठरले?’ असे विचारावे. बायांना बायांनीच, एकांतात विचारावे. नको म्हटल्यास आग्रह धरू नये, नाव गुप्त ठेवावे. आणि सांगितले तेच लिहावे, आपल्याला वाटले ते नव्हे.

तेव्हा घरातली लेक समाजशास्त्र शिकते म्हणाली, तर ‘त्याचा काय उपयोग?’ म्हणून नाक मुरडू नका. मळणीला पोती आपण मोजून घेतोच ना? उद्या ग्रामसभेत ‘पुष्कळ जणींना त्रास आहे’ असे न म्हणता ‘इतक्या जणींना आहे, ही वही पाहा’ असे तीच उभी राहून सांगेल.