किल्ल्यातील न पाठवलेली पत्रे

अहमदनगरचा (आता अहिल्यानगर) भुईकोट किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना ब्रिटिश सरकारने येथे स्थानबद्ध केले. पंडित नेहरूंनी १९४४ साली येथेच 'भारताचा शोध' लिहिला, हे आपण शाळेत शिकलो. मौलाना आझादांच्या पत्रांविषयी मात्र क्वचितच ऐकतो.

आझादांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून येथे अनेक पत्रे लिहिली. चहा, खोलीतील चिमण्या, संगीत असे त्यांचे विषय. यात राज्य उलथवण्यासारखे काय होते? तरीही ती पाठवली गेली नाहीत, कारण कैद्यांच्या टपालावर सरकारची नजर होती. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नीचे कोलकात्यात निधन झाले. ते दुःखही अशाच एका पत्रात राहिले. सुटकेनंतर, १९४६ साली ही पत्रे 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दूत प्रसिद्ध झाली.

पाळतीचा खरा परिणाम येथे दिसतो. पत्र फोडले जाण्याआधीच लिहिणारा हात आखडतो. "फोनवर नको, भेटून बोलू," असे आपणही म्हणतोच की!

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली स्पष्ट केले की, दूरध्वनीवर चोरून ऐकणे हा खाजगीपणावर आणि भाषणस्वातंत्र्यावरही आघात आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. गुन्हे रोखण्यासाठी सरकारला काही अधिकार हवेत, हे आम्हांस मान्य आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण असेल तरच संभाषण ऐकता येते. सर्वसाधारणपणे केंद्राचे वा राज्याचे गृहसचिव तसा आदेश देतात आणि एक समिती तो तपासते. परंतु समितीत सरकारी अधिकारीच असतात, न्यायाधीशाची पूर्वसंमती लागत नाही आणि ज्याचे बोलणे ऐकले त्याला ते कळवण्याची तरतूद नाही. ज्याला ठाऊकच नाही, तो दाद कशी मागणार?

२०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाच्या फोनबाबतचे असे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले, कारण सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच तेथे नव्हता. पण ती ध्वनिमुद्रणे खटल्यात पुरावा म्हणून पुढे आली होती, म्हणूनच त्याला न्यायालयात जाता आले.